रविवारी संपणारा वायू

लातूरच्या ज्या रुग्णालयात मी गेली अनेक वर्षे भूल देते आहे, त्याच्या ऑपरेशन थिएटरच्या मागच्या अंगाला पत्र्याचे छप्पर असलेली एक अरुंद खोली आहे. तिच्या डाव्या भिंतीला ऑक्सिजनचे काळे, पांढऱ्या गळ्याचे सिलिंडर साखळीने बांधलेले असतात आणि उजव्या भिंतीला नायट्रस ऑक्साइड या भुलीच्या वायूचे निळे. तेथून तांब्याच्या नळ्या भिंतीत शिरतात, छतावरून फिरतात आणि दोन्ही थिएटरांत रुग्णाच्या उशाशी येऊन थांबतात. ही खोली आमच्या थिएटरचे मदतनीस, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, ते सांभाळतात. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, शिरत असताना ते दारात थांबले आणि म्हणाले, “मॅडम, पोळ्याच्या आठवड्यात केसेस निम्म्याच होत्या. ऑक्सिजन कमी लागला. पण निळे सिलिंडर तेवढेच लागायलेत. असं कामून?”

भूलशास्त्राच्या परीक्षेत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. किती नायट्रस द्यायचा, कोणाला द्यायचा नाही, त्याने फुप्फुसाभोवती साठलेली हवा कशी फुगते, हे मला पाठ होते. पण आपल्या रुग्णालयात आलेला नायट्रस जातो कोठे, याचा हिशेब मी कधी मांडला नव्हता.

हा हिशेब सहसा मांडला जात नाही, त्याला एक कारण आहे. ऑक्सिजनच्या सिलिंडरमध्ये वायू दाबून भरलेला असतो. तो वापरला की दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा त्या प्रमाणात खाली येतो आणि निम्मा काटा म्हणजे निम्मा सिलिंडर, असे सरळ समजते. नायट्रस मात्र सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो. वरचा वायू बाहेर पडला की खालच्या द्रवातून तेवढाच नवा वायू तयार होतो आणि दाब जवळजवळ होता तेथेच राहतो. द्रवाचा शेवटचा थेंब संपेपर्यंत गेज सिलिंडर भरलेला असल्यासारखेच दाखवते आणि मग एकदम घसरते. त्यात आमच्याकडचा उन्हाळा. ३६.४ अंश सेल्सिअसच्या वर नायट्रस द्रवरूपात राहूच शकत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत यापेक्षा कितीतरी जास्त तापते. तेव्हा आत सगळा दाबलेला वायूच असतो, काटा दिवसाच्या उन्हाबरोबर वर चढतो, रात्री उतरतो आणि पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. म्हणूनच नायट्रसचा साठा जाणून घेण्याचा एकच खात्रीचा मार्ग पाठ्यपुस्तकांत सांगितलेला आहे, तो म्हणजे सिलिंडरचे वजन करणे.

मामांचे मेहुणे मोंढ्यात आडतीवर हमाली करतात. त्यांच्या ओळखीने सोयाबीनची पोती तोलण्याचा काटा शनिवारी संध्याकाळी रुग्णालयात आला. पाना लावून निळे सिलिंडर सोडवले, एकेक करून काट्यावर उभे केले, प्रत्येकाचे वजन मामांनी वहीत लिहिले आणि ते पुन्हा जोडून व्हॉल्व्ह उघडले. रविवारी दोन्ही थिएटरांना कुलूप होते. सोमवारी सकाळी सात वाजता आम्ही तेच सिलिंडर पुन्हा काट्यावर घेतले. सगळ्यांची बेरीज तीन किलोने उतरली होती. मामांनी मला न विचारता सिलिंडर दुसऱ्यांदा काट्यावर चढवले. आकडा तोच आला. पुढच्या शनिवारी आम्ही वजन करून व्हॉल्व्ह बंद ठेवले आणि सोमवारी वजन जसेच्या तसे होते. म्हणजे सिलिंडर ठीक होते. वायू नळांतून जात होता. साबणाच्या पाण्याचा फेस लावून शोधल्यावर एका सॉकेटपाशी बुडबुडे आले. बाकीचे सांधे छताच्या आड कोठेतरी होते, तेथे आमचा हात पोचत नव्हता.

तीन किलो हा आकडा घरी गेल्यावरही माझ्या डोक्यातून जाईना. नायट्रस ऑक्साइडचा एक किलो शंभर वर्षांच्या हिशेबाने पृथ्वीला जेवढी ऊब देतो, तेवढी ऊब द्यायला कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २७३ किलो लागतात. तो एकदा वर गेला की शंभराहून अधिक वर्षे तेथे राहतो. त्या एका रविवारचे तीन किलो म्हणजे आठशे किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड झाला. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो; त्या मापाने हे साडेतीनशे लिटर पेट्रोल होते. कोणत्याही रुग्णाच्या नाकापर्यंत न पोचता, कोणाचीही वेदना न शमवता ते एका बंद इमारतीत जळून गेले होते.

ज्या गावाने एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायले, त्या गावात मी राहते. तेव्हा टँकर गल्लीत आला की बाया आपापली घागर ओळीत लावून ठेवत आणि कोणाच्या नळीचा सांधा ठिबकत असेल तर खाली पातेले ठेवले जाई. भांडी घासलेले पाणी झाडाला आणि तांदूळ धुतलेले पाणी जनावराला, हे माझ्या सासूबाईंनी मला शिकवले नाही; ते मी त्यांना करताना पाहिले. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगताना त्या अजूनही आवाज खाली आणतात. अशा घरातून निघून मी रोज त्या ओटीत जात होते, जेथे एक सांधा वर्षानुवर्षे ठिबकत होता. दिसत नव्हता, वास येत नव्हता, ओल येत नव्हती, एवढाच फरक. आमच्या नळातल्या गळतीमुळे मांजरा धरण कोरडे पडले, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे खोटे होईल. जगभरातील मानवनिर्मित नायट्रसचा मोठा वाटा शेतात पडणाऱ्या नत्रखतांतून येतो आणि भुलीच्या वायूंचा वाटा एकंदरीत लहान आहे. पण माझ्या स्वतःच्या हातून दिवसभरात जे काही वातावरणात जाते, त्यात याहून मोठे दुसरे काही नाही.

नळ गळत नसला तरीही प्रश्न संपत नाही, हे पुढे लक्षात आले. भूल देताना आम्ही रुग्णाला जो वायू देतो, त्यातला बहुतेक भाग त्याचे शरीर वापरतच नाही. श्वासातून द्यायच्या भुलीच्या औषधांत आयसोफ्लुरेनपैकी जेमतेम ०.२ टक्के शरीरात विघटित होतो, सेव्होफ्लुरेनपैकी दोन ते पाच टक्के आणि डेसफ्लुरेन तर जवळजवळ अजिबातच नाही. बाकी सगळा श्वासाबरोबर जसा गेला तसा परत येतो आणि आमच्या यंत्रातून एका नळीने खिडकीबाहेर किंवा गच्चीवर सोडला जातो. ही नळी ओटीत काम करणाऱ्यांच्या रक्षणासाठी असते आणि ते आवश्यकच आहे, कारण सतत नायट्रस श्वासात गेला तर शरीरातील बी-१२ जीवनसत्त्व निकामी होते. पण ती नळी वायूला फक्त खोलीतून बाहेर काढते. त्याचे दुसरे काहीच करत नाही.

माझ्या शिक्षणाच्या काळात आम्ही बॉइल मशिन या जुन्या भुलीच्या यंत्रावर बेन सर्किट, म्हणजे रुग्णाला वायू नेणाऱ्या नळ्यांची एक साधी जोडणी, लावून शिकलो. त्या सर्किटमध्ये रुग्णाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड धुऊन काढण्यासाठी ताज्या वायूचा प्रवाह मोठा ठेवावाच लागतो; मोठ्या माणसाला मिनिटाला पाच लिटर ही तेव्हाची आमची सरळ सवय होती, तीन लिटर नायट्रस आणि दोन लिटर ऑक्सिजन. प्रवाह दाखवणाऱ्या रोटामीटरच्या काचेतला तरंगता बॉबिन तीनच्या रेषेवर फिरत राहावा म्हणून मी हजारो वेळा ती निळी घुंडी पिळली आहे. तीन लिटरने एक तास म्हणजे १८० लिटर नायट्रस, वजनात साधारण एक तृतीयांश किलो, आणि उष्णतेच्या हिशेबात सुमारे ९० किलो कार्बन डायऑक्साइड. एका तासाच्या हर्नियाच्या ऑपरेशनला जवळजवळ चाळीस लिटर पेट्रोल. हे गणित मी पहिल्यांदा मांडले तेव्हा कोठेतरी शून्य जास्त पडले असेल असे वाटले आणि मी ते तीनदा तपासले.

आयसोफ्लुरेनसाठी भूलतज्ज्ञांमध्ये एक सोपे सूत्र चालते. मिनिटाला किती लिटर ताजा वायू चालू आहे, त्याला व्हेपोरायझरवरच्या, म्हणजे द्रव औषधाची वाफ वायूत मिसळणाऱ्या भांड्यावरच्या, टक्केवारीने गुणायचे आणि पुन्हा तीनने गुणायचे. जे उत्तर येईल तेवढे मिलीलिटर द्रव औषध तासाभरात संपते. पाच लिटर आणि एक टक्का म्हणजे तासाला पंधरा मिलीलिटर. शंभर मिलीलिटरची बाटली साडेसहा तासांत रिकामी. हाच रुग्ण सर्कल सर्किटवर घेतला, कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडा लाइमच्या डब्यातून त्याचा श्वास फिरवला आणि प्रवाह एका लिटरवर आणला, तर तासाला तीन मिलीलिटर पुरतात आणि तीच बाटली तीसहून अधिक तास चालते. रुग्णाला मिळणारी भूल तेवढीच खोल असते. प्रवाह कमी करणे म्हणजे औषध कमी करणे नव्हे, हे मला सर्जनांना, सिस्टरांना आणि कधी कधी आमच्याच तरुण डॉक्टरांना वारंवार सांगावे लागते. रुग्णाने सोडलेला श्वास टाकून न देता त्यातला कार्बन डायऑक्साइड तेवढा सोडा लाइमने शोषून घ्यायचा आणि उरलेले त्यालाच परत द्यायचे, इतकेच त्यात आहे. सोडा लाइमचे दाणे थकले की पांढऱ्याचे जांभळे होतात आणि डबा बदलायचा.

ही कल्पना नवीही नाही. अमेरिकेत राल्फ वॉटर्स यांनी १९२० च्या दशकात कार्बन डायऑक्साइड शोषून घेऊन तोच वायू रुग्णाला परत देण्याची पद्धत रूढ केली. आमचे एक जुने सर हॅलोथेन या तेव्हाच्या भुलीच्या औषधाच्या बाटलीची किंमत सांगून व्हेपोरायझर लवकर बंद करायला लावत. त्यांना हवामानबदल ठाऊक नव्हता, पण त्यांचा हात बरोबर होता.

येथे एक गोष्ट मी जड मनाने आणि स्पष्टपणे लिहिते. कमी प्रवाहाची भूल कोणत्याही यंत्रावर देता येत नाही. रुग्णाच्या श्वासात ऑक्सिजन किती, कार्बन डायऑक्साइड किती आणि भुलीचे औषध किती, हे दाखवणारा मॉनिटर समोर नसेल तर प्रवाह कमी करणे धोक्याचे आहे, कारण प्रवाह कमी असताना यंत्रावर लावलेला आकडा आणि रुग्णाच्या फुप्फुसातला आकडा यांत फरक पडतो. तालुक्याच्या गावी जुन्या यंत्रावर, वीज जाण्याच्या भीतीत, एकट्याने सिझेरियनची भूल देणाऱ्या सहकाऱ्याला मी “प्रवाह एक लिटरवर आणा” असे कधीही सांगणार नाही. त्याच्या रुग्णाचा जीव पहिला. त्याला मी एवढेच विचारते की नायट्रसची गरज आहे का. बहुतेक वेळा नसते. ऑक्सिजनसोबत हवा दिली, वेदनेसाठी वेगळे औषध दिले, तर नायट्रसशिवाय भूल उत्तम होते आणि रुग्णाला नंतरची मळमळही कमी होते. त्यासाठी यंत्राला हवेची जोडणी मात्र हवी.

आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्या संस्थानाने भूलशास्त्राच्या इतिहासात एक प्रकरण लिहिले आहे, हे आमच्याकडे फारसे कोणी सांगत नाही. १८८८ आणि १८८९ या वर्षांत तेथे क्लोरोफॉर्मवर दोन आयोग बसले. हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या आग्रहाने, निजामाच्या पैशाने ते काम झाले आणि दुसऱ्या आयोगासाठी लंडनहून औषधतज्ज्ञ लॉडर ब्रंटन आले. क्लोरोफॉर्मने मृत्यू होतो तो श्वास थांबून, हृदय थांबून नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष होता आणि पुढे १९११ साली लेव्ही यांच्या प्रयोगांनी तो पुरता टिकला नाही. क्लोरोफॉर्मने हृदय नुसतेच थरथरत राहून बंद पडू शकते; तेव्हाच्या साधनांना हृदयाची ती थरथर दिसत नव्हती. क्लोरोफॉर्म फडक्यावर थेंब थेंब टाकून दिला जाई आणि त्यातला पुष्कळसा खोलीतच उडून जाई. तो कोणी मोजला नाही. मी आडतीच्या काट्यापुढे उभी राहिले तेव्हा मला हैदराबादचे हे आयोग का आठवले, ते सांगता येणे कठीण आहे. पण आठवले खरे.

बाहेरच्या जगात या बाबतीत गेल्या काही वर्षांत बरेच घडले आहे. डेसफ्लुरेन हे वायूरूप भुलीच्या औषधांत पृथ्वीला सर्वांत जास्त तापवणारे, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजार पट. सेव्होफ्लुरेनची ऊब त्याच्या एका लहानशा हिश्श्याएवढीच. २०२३ साली स्कॉटलंडच्या सरकारी आरोग्यसेवेने डेसफ्लुरेनचा वापर थांबवला, पाठोपाठ इंग्लंडने २०२४ मध्ये, आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून अगदी अपरिहार्य कारण असल्याखेरीज तो वापरण्यास मनाई करणारा कायदा केला. आमच्याकडे डेसफ्लुरेन महाग असल्यामुळे मोठ्या शहरांतील मोठ्या रुग्णालयांतच अधिक दिसतो. नायट्रसचा धडा मात्र थेट आमच्या कामाचा आहे. एडिनबरा परिसरातील रुग्णालयांनी खरेदी केलेला नायट्रस आणि रुग्णांना दिलेला नायट्रस यांची तुलना केली, तेव्हा बहुतांश वायू रुग्णापर्यंत पोचतच नव्हता असे आढळले. मामांनी पोळ्याच्या आठवड्यात जे ओळखले, तेच तिकडे कागदोपत्री सिद्ध झाले होते. त्यानंतर तेथे मध्यवर्ती नळ बंद करून यंत्रावर लावायचे लहान सिलिंडर वापरायला सुरुवात झाली.

आम्हीही तेच केले. ते सोपे झाले नाही. व्यवस्थापनातील काहींना वाटले की लाखो रुपये खर्चून घातलेली पाइपलाइन बंद करणे म्हणजे रुग्णालय मागे नेणे. एका ज्येष्ठ सर्जनांनी मला बाजूला घेऊन काळजीने विचारले, “मध्येच कमी पडला तर?” मी त्यांना आमच्या नोंदी दाखवल्या: गेल्या तीन महिन्यांत मी आणि माझ्या सहकाऱ्याने नायट्रस कितीदा खरोखर वापरला होता, ते बोटांवर मोजण्याएवढे होते. मग त्यांना मी दुसरी गोष्ट सांगितली, जी मला स्वतःला अधिक महत्त्वाची वाटते. नळांची अदलाबदल होऊन ऑक्सिजनऐवजी नायट्रस रुग्णाच्या फुप्फुसात गेल्याच्या दुर्घटना आपल्या देशातही घडलेल्या आहेत. भिंतीत नायट्रसचा नळच नसेल तर त्या दुर्घटनेचा रस्ताच बंद होतो. ते काही वेळ गप्प राहिले आणि मग स्वतः अध्यक्षांशी बोलले.

ज्या दिवशी मामांनी मोठ्या निळ्या सिलिंडरांचे व्हॉल्व्ह शेवटचे आवळले आणि दोन्ही थिएटरांतील सॉकेटांना टोपणे बसवली, त्या दिवशी मी भुलीच्या यंत्राच्या मागे वाकून लहान सिलिंडरची जोडणी पुन्हा पुन्हा पाहत होते. सिस्टरांनी त्याची किल्ली पांढऱ्या दोरीने यंत्रालाच बांधली, म्हणजे ती हरवणार नाही. वापर झाला की सिलिंडर बंद करायचा, उघडा ठेवायचा नाही, असे त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवले. मामा दर सोमवारी त्याचे वजन करतात. आडतीचा काटा परत गेला. आता आमचा स्वतःचा एक आहे.

पाठीच्या कण्यातून भूल, अल्ट्रासाउंडवर नस पाहून एखादा हात किंवा पाय तेवढाच बधिर करणे, शिरेतून प्रोपोफॉलची धार देऊन वायूशिवाय झोपवणे, हे सगळे मार्ग आम्ही वापरतो आणि आणखी वापरायला हवेत. पण त्यांच्याबद्दलही मी सावधपणे बोलते. ऑस्ट्रेलियातील, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुडघेबदलाच्या शस्त्रक्रियेसाठी पाठीतून दिलेल्या आणि संपूर्ण झोपवून दिलेल्या भुलीचा कार्बनचा भार जवळजवळ सारखा निघाला, कारण पहिल्यात ऑक्सिजन मोठ्या प्रवाहाने चालू ठेवला होता आणि प्लॅस्टिक, निर्जंतुक कापड, गरम हवा यांचा खर्च दोन्हीकडे होता. उरलेला प्रोपोफॉल बेसिनमध्ये ओतला तर तो पाण्याला घातक असतो. आमच्याकडे त्याची शिल्लक सिरिंज आता भस्मीकरणाच्या पिशवीत जाते. मी आता पाठीतून भूल दिलेल्या रुग्णाचे बोट ऑक्सिमीटरवर ९८ दाखवत असेल तर मास्क लावत नाही. या सवयीला मला बराच काळ लागला. मास्क लावणे हे काळजी घेतल्यासारखे वाटते.

आमच्या शहरात आता आणखी एक रुग्णालय उभे राहत आहे. त्याच्या नकाशावर चार थिएटरे आहेत आणि चारही थिएटरांत नायट्रसचा निळा नळ आखलेला आहे. तो नळ अजून भिंतीत गेलेला नाही. ठेकेदार म्हणतात की तो नेहमीच घालतात, तसा आराखडाच असतो. तेथील डॉक्टर मंडळींनी मला येत्या गुरुवारी दुपारी बोलावले आहे. मी मामांची वही बरोबर नेणार आहे आणि जमले तर मामांनाही.